मामंजींकडे येणारी माणसं

सना, २६ ऑक्टोबर १९८०

मुतह्हरनी काल कोऱ्या वह्यांचा गठ्ठा आणला. त्यातली ही एक मी लांबवली. बाकीच्या मामंजींच्या चरित्रासाठी, ही माझी. हिच्यात नवऱ्याचं नाव लिहिलं तरी कोणी डोळे वटारायचं नाही.

मामंजी सांगणार आणि मी लिहून घेणार, असं ठरलंय. जनरल मुकबिल म्हटलं की अजूनही सैन्यातली माणसं उठून उभी राहतात. यादवीत पूर्ण सात वर्षं ते प्रजासत्ताकाकडून इमामाच्या, म्हणजे जुन्या राजाच्या, लोकांशी लढले. आता साखरेने डोळे गेलेत. पुस्तक वसंतात निघालं तर मुतह्हर कॅप्टनचे मेजर होतील, असं सासूबाई म्हणतात. मुतह्हर स्वतः तसं म्हणत नाहीत, पण वह्या ज्या लगबगीने आणल्या त्यावरून कळतं.

घरात सरळ ओळीत लिहिणारी मीच. तइझला चार वर्षं शाळेत गेले त्याचा असा उपयोग. मला माहेर असं नाही. बाप विमानाच्या बॉम्बने गेला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आई मला घेऊन तइझला मामाकडे आली आणि तिथेच वारली. असल्या पोरीला सनाच्या जनरलने माणूस पाठवून मागणी का घातली, हे मामीला अजून कळलेलं नाही. मलाही नाही.

३० ऑक्टोबर

दुपारचं जेवण उरकलं की मी वर जाते. मामंजींची खोली अगदी वरच्या मजल्यावर आहे. रंगीत काचांतून गादीवर लाल-हिरवं ऊन पडतं. ते भिंतीला टेकून गालात कातची, त्या तरतरी आणणाऱ्या झाडाची, कोवळी पानं भरतात आणि बोलू लागतात. सांगतात छान. आज सैन्यात नवे असतानाच्या एका खेचराची गोष्ट सांगितली. मेजर यायचे तेव्हाच म्हणे ते आडवं पडायचं, शिपायांसमोर कधी नाही. मला हसू आवरलं नाही.

मामंजींनी गोष्ट तिथेच सोडून माझ्याकडे तोंड वळवलं.

"पुन्हा हस," ते म्हणाले.

"मामंजी, सांगून कसं हसायचं?"

"बरं. राहू दे." ते पुन्हा भिंतीला टेकले. वय झालंय.

६ नोव्हेंबर

आज मामंजींना कॉफीच्या सालांचं किश्र उकळून दिलं तर म्हणाले, "दारापाशी बसलाय त्यालाही दे."

वहीत मान घालून बसल्यामुळे कोणी आलेलं मला कळलंच नव्हतं. झटकन तोंडावर पदर ओढला, खालीच बघत पेला भरून दाराजवळ ठेवला. परक्या पुरुषाकडे कोण बघतंय. पांढऱ्या कपड्याचा काठ आणि दोन अनवाणी, धुळीने माखलेली पावलं तेवढी दिसली. जुना शिपाई असणार. मामंजी त्याच्याशी काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "लिही पुढे."

खाली आल्यावर सासूबाईंना विचारलं, "वर पाहुणे आलेत तर मला आधी सांगायचं नाही का?"

"कसले पाहुणे? मी आज दोर ओढलेलाच नाही."

आमच्या घराचा खालचा दरवाजा दुसऱ्या मजल्यावरून दोर ओढून उघडतो, आणि तो दोर चोवीस तास सासूबाईंच्या हाताशी. पण हल्ली त्यांना विसरायला होतं. परवा मीठ दोनदा घातलं होतं.

१५ नोव्हेंबर

क्रांती झाली, इमाम डोंगरात पळाला, लढाई सुरू झाली, इथवर आलोय. मामंजींची आठवण दांडगी. कोणत्या खिंडीत कोण पडला, त्याच्या गावाचं नाव काय, बायको पोटुशी होती का, सगळं पाठ. "सकाळी प्रजासत्ताक, संध्याकाळी इमाम, अशी टोळ्यांची तऱ्हा," ते म्हणाले. "माझा सख्खा मावसभाऊ समोरच्या टेकडीवर होता. ईदला आम्ही गोळीबार थांबवून एकमेकांना हाका मारायचो. दुसऱ्या दिवशी तो माझ्याच तोफेने गेला."

माणसं मात्र वाढायला लागलीत. दारापाशचा रोजचाच. आता खिडकीखाली दोघं असतात, आणि एक खोकणारा. खोकल्यावर गादीवर बारीक माती पडते. ती मी रोज झटकते. किश्रात एवढं आलं ठेचून घालते, पण पेले तसेच भरलेले राहतात. पुरुषांना घरच्या बाईच्या कष्टांची काय किंमत.

२४ नोव्हेंबर

आज नऊ पेले झाले. तबक घेऊन चार जिने चढताना पाठ मोडली.

लिहिताना "घेराव"ऐवजी "पेरावं" लिहिलं आणि मोठ्याने तेच वाचून दाखवलं. मामंजी हसले नाहीत. दारापाशचा हसला. हलकंच, नाकातून. मला राग आला नाही. उलट बरंच वाटलं, कोणीतरी ओळखीचं असल्यासारखं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मुतह्हर आठवड्याने घरी आले. दुपारी वर येऊन खिडकीखाली ऐसपैस बसले.

मी म्हटलं, "अहो, जरा सरका. त्यांच्या मांडीवर बसताय."

"कोणाच्या?"

मी हनुवटीने दाखवलं. मुतह्हर माझ्याकडे बघत राहिले, मग वडिलांकडे. मामंजी म्हणाले, "सरक रे. सांगतेय ना ती." मुतह्हर उठले आणि खालीच गेले. सैन्यात राहून माणसाला पाहुण्यांत वागायची रीत राहत नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्याभोवती ऊद फिरवला. "पोरी, दिवस गेलेत का तुला?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "किती असतात वर?" विचारलं. मी म्हटलं, नऊ. त्या ऊददाणी घेऊन आत गेल्या.

७ डिसेंबर

आज मामंजी म्हणाले, "आता बैत दुराम."

"ते तर माझं गाव," मी म्हटलं.

"माहीत आहे. लिही."

मी लिहिलं. उत्तरेच्या रस्त्यावर टेकडीवरचं गाव. वर जुना गढीसारखा बुरूज. त्यात इमामाचे नऊ लोक तेवीस दिवस चिवटपणे लढले, चोविसाव्या दिवशी जनरल मुकबिल यांनी बुरूज सर केला, नऊही जण लढता लढता मारले गेले. अर्धं पानही झालं नाही. एरवी एका खेचरावर दोन पानं सांगणारा माणूस.

खोकणारा आज एकदाही खोकला नाही. खोलीत इतकं शांत झालं की दौतीला झाकण लावल्याचा आवाजही मोठा वाटला. वर बघावं असं फार वाटलं. छाती झाली नाही.

"मामंजी, एवढंच?"

"मुतह्हरला एवढंच हवंय. त्याने सकाळी माझ्याकडून पाठ करून घेतलं."

८ डिसेंबर

आजचं आजच लिहिते.

वर गेले तर मामंजींनी गालात कात भरला नव्हता. म्हणाले, "कालचं पान राहू दे. दुसरं घे."

मग सांगितलं ते असं. तेवीस दिवसांनी त्यांच्याकडे फक्त चार माणसं उरली होती. बाकी मेली, पळाली. गोळ्या संपत आलेल्या. बुरुजावर ते कळू नये म्हणून चौघं रात्रंदिवस जागा बदलून चुली पेटवत होते. शेवटी मामंजींनी कमरेचा खंजीर काढला आणि एका म्हातारीच्या हाती वर पाठवला. खाली या, जेवा, घरी जा, कोणी हात लावणार नाही. खंजीर पाठवला म्हणजे स्वतःची इज्जत गहाण टाकली. त्यावर नऊही जण खाली आले. बंदुका ठेवल्या. एकाच ताटात जेवले.

"जेवण झाल्यावर एकाने इकडे-तिकडे पाहिलं," मामंजी म्हणाले. "चौघंच दिसले त्याला. तो हसला. कुत्सितपणे नाही, पोरी. नाकातून, हलकंच. म्हणाला, 'फन्दम साहेब, एवढ्यांनाच भ्यालो होय आम्ही?' बाकीचेही हसले. माझी चारही माणसं हसली. मीच तेवढा हसलो नाही."

"मग?"

"मग मी हुकूम दिला."

खिडकीबाहेर कावळे ओरडत होते. मी विचारलं, "नावं?"

त्यांनी एकेक सांगितलं. हमूद, काइद, जुबरान, दोघं भाऊ फाजिअ आणि मुस्इद, म्हातारा नाशिर, छातीच्या दुखण्याचा राजिह, त्याचा मेव्हणा अब्दर्रब. प्रत्येक नावासरशी कोणीतरी जरा सावरून बसल्याचा आवाज होत होता, गादीचा होतो तसा. आठ झाली.

"नववा, दारापाशचा, शायिफ. जो हसला तो."

मी दौत बाजूला ठेवली. "शायिफ माझ्या बापाचं नाव."

"म्हणून तर तुला मागून आणली."

मी पदर मागे टाकला आणि पहिल्यांदाच मान वर करून खोलीभर पाहिलं. कोणीही नव्हतं. नऊ पेले काठोकाठ भरलेले होते. नऊ ठिकाणी गादी दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी. आणि मी बघत असताना दारापाशची गादी सावकाश वर आली. कोणी उठून उभं राहिल्यावर येते तशी.

"बारा वर्षं हे लोक उठत नाहीत," मामंजी म्हणत होते. "शायिफची तू वारस. रक्त माफ करायचा हक्क तुझा. एकाने केलं तर बाकीचे ऐकतील. तू एवढंच म्हण."

मी खाली पळाले. जिन्यात दोनदा घसरले.

९ डिसेंबर

वर गेले नाही. सासूबाई किश्र घेऊन गेल्या. एकच पेला नेला.

महिनाभर मी माझ्या बापाला माझ्या हाताने किश्र देत होते, आणि लाज म्हणून त्याचं तोंड पाहिलं नाही.

११ डिसेंबर

सासूबाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का.

त्या मसूर निवडत होत्या. थांबल्या नाहीत. "दिसत मला कधी काही नाही. पण बारा वर्षं हा दोर धरून बसलेय. कोण आलं नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि वर कोणाशी बोलणं चालायचं ते ऐकू यायचं."

"मग मला या घरात येऊ कसं दिलंत?"

"मला वाटलं, तू आलीस की ते थांबेल." एक मूठ निवडून बाजूला केली, मग म्हणाल्या, "चूक झाली माझी."

त्यांचा मला राग यायला हवा होता. मी बसून त्यांच्याबरोबर मसूर निवडले.

१२ डिसेंबर

वर गेले. पदर घेतला नाही. बापासमोर कसला पदर.

मी म्हटलं, "मामंजी, मी एकटी वारस नाही. आठ जणांची माणसं अजून बैत दुरामात आहेत. त्यांना वाटतं विमानाने मारलं. त्यांच्यासमोर दिवसाउजेडी तोंडाने सांगा. मग माफीचं बघू."

"मला मारतील."

"मारतील कदाचित."

मामंजी बराच वेळ तोंड दाराकडे करून बसले. ऐकत असल्यासारखे. मग म्हणाले, "बुधवारी जाऊ."

१४ डिसेंबर

मुतह्हरना कोणीतरी कळवलं. आले ते बुटांसकट वर चढले.

"बाबा म्हातारे झालेत, भ्रम होतो त्यांना. तुला नाही कळत?"

"नऊ नावं भ्रमात आठवतात?"

"यादवीत असं होतंच. त्या लोकांनी काय कमी माणसं मारली? आता सगळे एकत्र आलेत, मंत्रिमंडळात शेजारी बसतात. तुलाच एकटीला उकरायचंय?"

"त्यात माझा बाप आहे, मुतह्हर."

त्यांना हे माहीत नव्हतं. ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि त्या एका क्षणाला मला त्यांची दया आली. पण मग ते म्हणाले, "निदान ते प्रकरण आधी लिहिलं होतं तसं स्वच्छ उतरून दे. पुस्तक थांबवता येणार नाही."

मी म्हटलं, "तुमचं तुम्ही लिहा. माझ्या अक्षरात मिळणार नाही."

ते छावणीत राहायला गेले. जाताना आईला सांगून गेले की जीप देणार नाही. सासूबाईंनी स्वतःच्या भाच्याची जीप मागवली आणि म्हणाल्या, "मीही येते. दोर बांधून ठेवते."

१७ डिसेंबर, बैत दुराम

सकाळी निघालो, दुपारच्या नमाजाला पोचलो. मला गावातलं काहीच ओळखीचं वाटलं नाही, फक्त चुलीच्या धुराचा वास.

मशिदीबाहेरच्या मोकळ्या जागेत मामंजींना दगडावर बसवलं. उन्हात. गणवेश नाही, कमरेला काही नाही. माणसं जमली. बायका भिंतीआड. मामंजींनी स्वतःचं नाव सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. खंजीर, ताट, हसणं, हुकूम. नऊ नावं, बापांच्या नावांसकट. आवाज एकदाही चढला नाही, एकदाही पडला नाही. मी वाट बघत होते की आता कोणीतरी बंदूक उचलेल.

कोणी हललं नाही. मग एक म्हातारी पुढे आली. हमामा, फाजिअ आणि मुस्इदची आई.

"खंजीर वर घेऊन कोण गेलं होतं, मुकबिल?" तिने विचारलं.

मामंजींची मान वर झाली.

"मीच गेले होते. विमानाची गोष्ट तुझ्या लोकांनी सांगितली. आम्ही ऐकून घेतली. विमान कधी जेवायला बोलावतं का?" ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "काळा ऐब आहे हा, कधी न धुतला जाणारा कलंक. आम्हाला रोज माहीत होता. पोरं कुठे आहेत ते माहीत नव्हतं. ते सांग."

"बुरुजाखालच्या कोरड्या टाक्यात. वरून दगड टाकलेत."

पुरुष पहारी घेऊन गेले. दगड फोडल्याचा आवाज तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजापर्यंत येत होता. मामंजी त्याच दगडावर बसून होते. त्यांना कोणी पाणी विचारलं नाही, आणि मीही दिलं नाही. शेवटी हमामाच म्हणाली, "पाणी द्या त्याला. पाणी त्याच्या बापाचं नाही, आपल्याही बापाचं नाही."

१८ डिसेंबर

नऊ सापडले. सगळे. कपडे बरेचसे तसेच होते, कोरडं होतं म्हणून. हमामाने आपले दोघं दातांवरून ओळखले. शायिफ कोणता, हे एका म्हाताऱ्याने सांगितलं. मी पाहिलं. माझ्यापेक्षा लहान चणीचा होता. अंगावर काही नव्हतं ओळखायला, चेहरा तर नाहीच. रडू येईल वाटलं होतं, पण आलं नाही. मी फक्त त्याच्या पायांवरची माती पुसली.

एका रांगेत माती दिली. गावाने मामंजींना निकाल सांगितला. हमामानेच सांगितला. "माफी नाही. सूडही नाही. तुला मारलं तर तू सुटशील. घरी जा."

जीपमध्ये मामंजी मागे वळून बसले होते, आंधळे डोळे गावाकडे लावून.

२७ डिसेंबर

पुस्तक छापायला गेलं. ते अर्धं पान मुतह्हरनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं असं कळलं. खरं पान या वहीत आहे. वही कुठे ठेवते ते वहीतही लिहिणार नाही.

गावाहून आल्यापासून मामंजी खात नाहीत. कात नको म्हणतात. आज दुपारी सासूबाई म्हणाल्या, "तूच जा, तुझ्या हातचं घेतील." वर गेले. गाद्या सगळ्या सपाट होत्या. ऊन नुसतं पडून होतं. माती कुठेच नव्हती. मी झटकायला कापड घेऊन गेले होते, तसंच हातात राहिलं.

"कोण कोण आहे?" मामंजींनी विचारलं.

"कोणी नाही, मामंजी."

"नीट बघ. दारापाशी?"

"कोणी नाही."

"राजिहचा खोकला मला आता आला ऐकू."

"खाली रस्त्यावर कोणीतरी खोकलं."

ते हाताने शेजारची गादी चाचपत राहिले, मग पुढची, हात पोचेल तिथपर्यंत. बारा वर्षं ज्यांना जा म्हणत होते, ती माणसं गेल्यावर त्यांची अशी दशा होईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि खरं लिहायचं तर माझीही झाली आहे. बाप गेला तेव्हा मी पाच वर्षांची होते, ते गेलेलं मला आठवत नाही. हे आठवेल.

"जाताना शायिफ काही म्हणाला?"

"नाही."

"म्हणजे माफ केलं नाही."

"मेलेल्यांचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी केलेलं नाही."

मला वाटलं त्यांना लागेल. पण त्यांचा चेहरा सैल झाला. गावाहून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला. मी तो त्यांच्या हातात दिला, बोटं नीट बसली का पाहिली.

"मग तू थांबशील," ते म्हणाले.

खाली पीठ मळायचं राहिलं होतं, सासूबाई दोनदा हाका मारत होत्या. त्या ऐकू येत होत्या, पण उठावंसं वाटेना. ऊन भिंतीवरून उतरून संपेपर्यंत मी तिथेच बसून होते.